पटाची सरकी, रेसची घोडी

घोडी तबेल्यात आडवी पडली होती. घामानं भिजलेली, मान वळवून पुन्हा पुन्हा पोटाकडे पाहत होती. माझा नवरा दोर ओढत ओरडत होता, "उठ माय, उठ!" घोडं लोळलं की आतडं पिळतं, हे पुण्यात राहून मलाही कळलं होतं. डॉक्टर निघाले होते, पोचले नव्हते. माझे सासरे, मामाजी, रिकामं घमेलं धरून दाराशी उभे.

मामाजी आदल्या दिवशी राळेगावहून आले होते, सोबत सरकीची पिशवी. शंकरपटाच्या शर्यतीआधी बैलांना भिजवलेली सरकी चारतात, हे तुम्हा गावच्या लोकांना सांगायला नको; त्या सकाळी त्यांनी ती घमेलंभर घोडीला चारली. मामाजींच्या जोडीनं किती पट मारले! नवरा जनावर पळवायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली. मग कापसाला भाव उरला नाही, जोडी विकली, आम्ही एसटीत बसलो. मामाजी फाट्यावरही आले नाहीत. म्हणाले, "बैल गेले, आता पोरगं पुण्याले लीद काढाले चाललं."

नवऱ्यानं रेसच्या तबेल्यात लीदच काढली, कितीतरी वर्षं. मग ट्रेनरचा मदतनीस झाला, मग स्वतः ट्रेनर. ही त्याच्या हाती आलेली पहिली घोडी. ती मेली असती तर दुसरा मालक आमच्या तबेल्याकडे फिरकला नसता.

"बैलाले चालते तं घोडीले काहून नाही चालत?" मामाजी म्हणाले.

"बैल रवंथ करते, बाबा. हिले ओकताबी येत नाही."

"मंग सांगाचं नाही? मोठा टेनर झाला!"

"तुम्ही इचारलं?"

मामाजींनी घमेलं ठेवलं, धोतर खोचलं आणि पटात देत तशी हाळी दिली. घोडी दचकून उभी राहिली. मग बापलेक दोन बाजूंनी धरून तिला फिरवत राहिले. डॉक्टरांनी येऊन नळीनं तेल सोडलं. संध्याकाळी तिनं लीद टाकली, म्हणजे आतडं मोकळं झालं. ती पाहून नवरा रडला. मी चहा ठेवला.

रविवारची रेस हुकली, पण मालकानं घोडी आमच्याकडेच ठेवली. आठ दिवसांसाठी आलेले मामाजी परत गेलेच नाहीत. रोज सकाळी तिला फिरवायचे. तुम्ही विचारता, गावाकडे कधी येता? येऊन काय करू? मामाजी गेले तेव्हा त्यांना इथंच जाळलं, नंतर नवऱ्यालाही.

त्या दिवशी तबेल्यात होतो त्यांतली घोडी अजून आहे, आणि मी आहे.