कूलरने गिळलेली सून

माझी धाकटी जाऊ सिनेमात एकदाच आली, आणि आली ती कूलरच्या पोटात जायला.

आम्ही अल्लीपूरला एकाच घरात राहतो. लग्नाआधी वर्ध्याच्या कॉलेजात मी एकांकिका केल्या होत्या, अभिनयाचं बक्षीसही मिळालं होतं. जावेनं तोवर स्टेज पाहिलंही नव्हतं.

एका उन्हाळ्यात नागपूरहून सिनेमावाले आले. त्यांना मोठ्या बैठकीचं घर आणि लोखंडी कूलर हवा होता, आमच्याकडे दोन्ही होतं. गोष्ट अशी की सासरा मरतो, त्याचा आत्मा कूलरमध्ये शिरतो आणि पाणी भरायला येईल त्याला कूलर गिळतो. शेवटी तर तो चाकांवरून गल्लीभर माणसांच्या मागे धावतो. ऐकून मला हसू आलं, तरी इस्त्रीची साडी नेसून मी दिग्दर्शकासमोर उभी राहिले. एकांकिकेतलं लांबलचक स्वगत म्हटलं, डोळ्यांत पाणीही आणलं.

"छान, मॅडम," तो म्हणाला. "पण जरा नाटकी वाटतं."

तेवढ्यात जाऊ बादली घेऊन आली, रोजच्यासारखी कूलर भरायला. त्यांनी आत रबरी हात बसवलेला तिला कोण सांगणार? जाळीतून हात बाहेर आला, बादली पडली आणि ती अशी किंचाळली की शेजारचे धावत आले.

"हेच! हेच पाहिजे!" दिग्दर्शक ओरडला.

सुनेचं काम तिला मिळालं. मला शेजारीण केलं. एकच वाक्य होतं, "काऊन वो, सून दिसत नाई तुमची?" सिनेमात तेही कापलं. दारात माझं कोपर तेवढं दिसतं.

सिनेमा कुठे लागला नाही, पुढे सगळे विसरले. मला बरंच वाटलं. मग मोबाईल आले. कुणीतरी ती किंचाळी नेटवर टाकली आणि पोरं तिच्यावर वेडी झाली. एकदा पुण्याच्या कॉलेजातली चार मुलं थेट दारात उभी.

"कूलरवाली काकू इथंच राहतात का?"

"बोलावते," मी म्हटलं. त्यांचा फोटोही मलाच काढावा लागला.

यंदा नागपुरात त्या सिनेमाचा दुपारचा खेळ ठेवला, जावेला पाहुणी म्हणून बोलावणं आलं.

"ताई, तुमीपन चला ना. मले त्या लोकांत बोलता नाई येत."

गेले. हॉल भरलेला. कूलर दिसला की पोरं एकमेकांवर पाणी शिंपडत. जाऊ पडद्यावर किंचाळली तेव्हा अख्खा हॉल तिच्यासोबत किंचाळला. मी तो प्रसंग पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर पाहत होते. ती चांगली होती. नुसतं नशीब असतं तर मी सहन केलं असतं.

स्टेजवर तिला विचारलं, कसं जमलं?

"काही केलंच नाई मी. भेव लागलं, ओरडली." हशा, टाळ्या. मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "खऱ्या ॲक्टर तर माह्या जाऊबाई आहेत."

"काकू, ओरडून दाखवा!" मागून कुणीतरी म्हणालं.

मी उठले. पोटातून श्वास घेतला आणि कॉलेजात शिकवलं होतं तशी, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी किंचाळले. मग टाळ्या झाल्या, गॅदरिंगमध्ये लहान पोराच्या कवितेला पडतात तशा.

परतताना जामच्या फाट्यावर बस थांबली. आम्ही चहा घेतला. चहावालीनं तिला ओळखलं, पदर तोंडाला लावून हसली. जाऊ लाजली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुमचं ओरडनं लय साफ होतं. मले तसं नाई जमत."

टोमणा असता तर उत्तर दिलं असतं. तिनं मनापासून म्हटलं होतं.

"चहा पी लवकर," मी म्हटलं, "गाडी सुटून राह्यली."