झोप लागली तर ठेवायचं

माझ्या सुनेने साताऱ्यात स्पा काढला, त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. स्पा म्हणजे अंग रगडून घ्यायचं दुकान. असं म्हटलेलं तिला आवडत नाही, पण मी चौथी शिकलेली बाई, मला दुसरा शब्द सुचत नाही.

ती सांगलीची. आठ वर्षं महाबळेश्वरच्या एका हॉटेलात हेच काम करत होती. तिथल्या साहेबांना ती दर वर्षी सांगायची, सांगलीच्या हळदीचा लेप ठेवा. ते हसायचे. चादरी पिवळ्या होतील म्हणायचे. शेवटी तिने नोकरी सोडली आणि पोवई नाक्याकडे दोन खोल्या घेतल्या. माझा मुलगा फौजेत, लांब. त्याने फोनवर "कर" म्हटलं आणि झालं.

दारावरच्या बोर्डावर पाच ओळी मावतील, असं पेंटर म्हणाला. सुनेच्या वहीत बारा प्रकार होते. त्यातले पाच निवडायचे, पुढच्या शनिवारच्या आत. ती माझ्यापुढे येऊन बसली.

"आई, एकेक करून तुमच्यावर करून बघू?"

"माझ्यावर कशाला? मैत्रिणी हायत की तुझ्या."

"त्या सगळ्याला छानच म्हणतात. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

हे खरं आहे. तिला बघायला गेलो होतो तेव्हा मी तिच्या आईला तोंडावर सांगितलं होतं, चहा पाणचट झालाय म्हणून.

"ज्यात तुम्हाला झोप लागेल ते ठेवायचं," ती म्हणाली.

"मी दुपारची झोपत न्हाई."

"म्हणून तर."

मग रोज दुपारी मी तिच्या उंच पलंगावर जाऊन पडायला लागले. खिडकीला मोरपंखी पडदा होता. ऊन त्यातून गाळून यायचं आणि सगळी खोली विहिरीच्या तळासारखी दिसायची. हात लावायला म्हसवडची एक बाई ठेवली होती. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तिची आई गावात बाळंतिणींना न्हाऊ घालायची, तिच्याकडूनच ही शिकलेली. हात जड पण शहाणे.

पहिल्या दिवशी तोंडाला चॉकलेट फासलं. मी जीभ काढून चाटलं. गोड होतं. झोप नाही. सुनेने वहीत काट मारली. वाफेच्या पेटीत धड आत, डोकं बाहेर. मी म्हणाले, "ह्यात रताळी ठेव, चांगली शिजतील." म्हसवडची बाई पदर तोंडात धरून हसली. तीही काट.

गरम दगड आले होते पार्सलने.

"कृष्णेतले संपले काय गं?" मी विचारलं.

"आई, हे वेगळे असतात."

वेगळे कसले. पण पाठीवर ओळीने ठेवले आणि मी झोपेत कधी गेले ते कळलं नाही. नदीकाठी धुणं वाळत घालायच्या कातळावर मी पालथी पडले होते. सात-आठ वर्षांची असेन. आई लांबून हाका मारत होती आणि उठायची काही गरज नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. हाका पाण्यावरून यायच्या, कातळाला लागून परत जायच्या. जागी झाले तर तोंडाखालचा टॉवेल लाळेने ओला. सुनेने वहीत बरोबरची खूण केली आणि मला काही बोलली नाही. चांगली आहे तशी.

तेलाच्या मालिशला झोप लागली. तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवली, त्यालाही लागली. मग कपाळावर तेलाची धार धरली. ती धार बारीक होत होत दोरी झाली, आणि त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला आमचे मालक उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडत होते. नाडी संपतच नव्हती. ते ओढायचे आणि ती आणखी लांब यायची, अंगणभर पसरली. मी बघत उभी होते. ते बोलले नाहीत, मीही नाही. जिवंतपणी तरी कुठे बोलायचे. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. फौजेतून धडधाकट आले आणि घरी तापाने गेले.

चार ओळी भरल्या. उरली एक. शुक्रवारी हळद करायची होती. नाहीतर स्ट्रॉबेरीचा लेप, तो तयारच होता. सकाळपासून सुनेने एकाच टॉवेलची तीनदा घडी घातली होती. हळद तिच्या वडिलांनी स्वतः निवडून पाठवलेली. तिने ती सायीत कालवली, कसलं तरी तेल घातलं, वास बघितला, परत थोडं घातलं. तिच्या डोक्यातलं आठ वर्षांचं सगळं त्या पितळेच्या वाटीत होतं.

म्हसवडच्या बाईने वाटी उचलली आणि थांबली.

"आवं आक्का, तुमाला हळद चालती का?"

दाराच्या पडद्यापलीकडून सून म्हणाली, "चालते की. फॉर्म भरून घेतलाय मी. कशाचीच ॲलर्जी नाही त्यांना."

"तसं न्हवं ताई," बाई हळू म्हणाली.

सून आत आली. तिचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं हळदीचा विचार केला, चादरीचा केला, डागाचा केला, पण ही गोष्ट तिच्या मनातच आली नव्हती. घरात लग्न असलं की हळद लावताना मी आतमध्ये भाजी चिरत असते. मला कुणी जा म्हटलेलं नाही. ये म्हणूनही कुणी हाक मारलेली नाही.

"राहू दे आई. स्ट्रॉबेरीचं करू."

"कपडे काढून पडलीय मी," मी म्हणाले. "लाव गं. थंडी वाजतीय."

बाईने माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि पाठीवर हात ठेवला. सून परत पडद्याबाहेर गेली.

माझ्या लग्नातली हळद मला नीट आठवत नाही. गार पाणी आणि खूप बायकांचे हात, एवढंच. ही हळद कोमट होती. मानेपासून खाली पसरत गेली तसा वास वर आला. सुनेचे वडील एकदा सांगत होते, पूर्वी सांगलीला नदीकाठी जमिनीत खोल पेवं असायची, त्यात हळद साठवायची. उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे. विझला तर कुणी उतरायचं नाही. मला वाटलं, मी त्या पेवात उतरते आहे. खाली, आणखी खाली, भिंती पिवळ्या, हवा पिवळी, आणि कंदील जळतोच आहे. पण हे स्वप्न नव्हतं. मी टक्क जागी होते. बोटाबोटाच्या मध्ये हळद जात होती ते मला कळत होतं, आणि त्यातलं काहीच मला चुकवायचं नव्हतं. झोपले असते तर ते गेलं असतं.

मग नियम आठवला. झोप नाही तर ओळ नाही.

पडद्याखाली सुनेची पावलं दिसत होती. हलत नव्हती. तिला सांगायला हवं होतं, की झोप ही काही खरी परीक्षा नव्हे. पण मग तिने विचारलं असतं का म्हणून, आणि ते मी कुणाला सांगणार नव्हते. म्हणून मी डोळे मिटले आणि घोरले. चांगली मोठ्याने घोरले.

म्हसवडच्या बाईचे हात क्षणभर थांबले. मग परत चालू झाले.

संध्याकाळी सुनेने चहा आणला. घट्ट होता.

"आई, तुम्ही बाकी चार वेळा झोपलात."

"मग?"

"एकदाही घोरला नाहीत."

"हळदीचा गुण असंल," मी म्हणाले. "बोर्डावर लिही तसं."

ती हसली नाही. माझ्या हातातली बशी घेताना तिने माझा तळवा उलटा करून बघितला. पिवळाजर्द होता. "रंग जाईल तीन-चार दिवसांत," ती म्हणाली.

सहा दिवस गेला नाही. नखांच्या कडेला तर दहा. वाण्याकडे सुट्टे पैसे पुढे केले, शेजारणीला दुधाचं पातेलं दिलं. जिने बघायचं तिने बघितलं. बोर्डावर हळद पहिल्या ओळीत आहे.