पार्सलवाल्याची हाक

सुदामकाका अंधार पडल्यावर कोणत्याही गावात थेट शिरत नसत. पहिल्या घराच्या बरंच अलीकडे मोटरसायकल बंद करायचे, विजेरी स्वतःच्याच तोंडावर धरायचे आणि ओरडायचे, "पार्सलवाला आलो होऽऽ! मालेगावचा सुदाम! कुत्रे आवरा!" कुणीतरी "या" म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकायचे नाहीत.

मालेगावच्या कुरिअर ऑफिसात मी काउंटरवर होते. अकोल्याची गाडी संध्याकाळी उशिरा यायची, त्यामुळे खेड्यांतली पार्सलं अंधारातच निघत. एकदा माझी शेवटची बस चुकली, तेव्हा काकांनी मला घरी सोडलं. माझ्याच गावाबाहेर त्यांनी विजेरी तोंडावर धरली आणि हाक ठोकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, सगळे बघतील."

"बघाले पायजे ना, बाई. नाई पायलं तं मारतीन."

माझ्या बोलण्यावर त्यांचा कायमचा आक्षेप होता. ग्राहकाला फोन करताना माझा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही जात नसे. "तुह्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पन जोरात बोलाचं नाई शिकवलं काय?" ते विचारायचे. "हळू चोर बोलते. आपन कायले हळू बोलाव?"

दुसरा नियम नावाचा. घेणाऱ्यानं बापासकट पूर्ण नाव सांगितल्याशिवाय पार्सल हातात पडत नसे. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा ऑफिसात भांडायला आला. "माह्या बहिनीचा नवरा असून हा मले नाव पुसते! वळखत नाई काय मले?"

"तुले वळखतो," काका म्हणाले. "पार्सलाले नाई वळखत. सांग नाव."

मेहुण्यानं शिव्या घातल्या, पण नाव सांगितलं.

त्या हिवाळ्यात चोरांची आवई उठली. चोर घराबाहेर बाईच्या किंवा लेकराच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावतात, दार उघडलं की आत घुसतात, असे संदेश प्रत्येक मोबाइलवर फिरत होते. खरा चोर कुणी पाहिला नव्हता. तरी गावोगावची पोरं काठ्या घेऊन पहारा देऊ लागली. आमच्या ऑफिसातल्या इतर मुलांनी रात्रीच्या फेऱ्या सोडल्या. काका जात राहिले. "मले आवाजावरून वळखते लोकं," म्हणायचे.

आणि नेमका त्यांचा आवाज गेला. घसा असा धरला की डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी खेड्यातल्या बेबीआजीच्या नातवाचं इंजेक्शन आलं, बर्फाच्या डब्यात. सकाळपर्यंत बर्फ टिकणार नव्हता. मी आजीला फोन करून कळवलं. गावातून रात्री निघायला तिच्याकडे काही साधन नव्हतं. काकांनी डबा उचलला, स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला आणि घोगऱ्या, फुटक्या आवाजात म्हणाले, "तू बोल. भर याच्यात."

मी रेकॉर्डिंग चालू करून बोलले. त्यांनी हातानं खूण केली, आणखी जोरात. पुन्हा बोलले, पुन्हा खूण. तिसऱ्यांदा मला जमेल तेवढं ओरडले, "मालेगावचे सुदामकाका पार्सल घेऊन आले आहेत!" त्यांनी पाठीवर थाप दिली आणि निघाले.

पुढचं बेबीआजीनं सांगितलं. काका नेहमीच्या जागी थांबले, विजेरी तोंडावर धरली आणि फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. अंधारातून एका अनोळखी मुलीचा आवाज आला, तोही शहरी बोलीत. पहाऱ्यावरची पोरं धावली. "कोन हाये बे? बोल!" त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. "बोलत काहून नाई?" मग काठ्या पडल्या. तोंडावर उजेड असल्यामुळे नेम चुकला नाही.

"म्या बोंबलत गेली, अरे थो आपला पार्सलवाला हाये! तवा थांबले," आजी म्हणाली. "खाली पडून होता. डब्बा छातीशी धरेल होता. म्या वढला, तं सोडे ना. नुसते ओठ हालवे. मंग माह्या ध्यानात आलं. म्हटलं, बेबी नामदेव. मंग सोडला त्यानं डब्बा."

चौथ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात काका वारले. नातवाला इंजेक्शन वेळेवर मिळालं होतं. पोरांवर केस चालू आहे. आमची रात्रीची पार्सलं आता जात नाहीत. लोक सकाळी येऊन काउंटरवरून नेतात, आणि मी प्रत्येकाला पूर्ण नाव विचारते.

महिन्याभरानं त्यांच्या पत्नी, कमलकाकू, काकांकडची ऑफिसची बॅग परत द्यायला आल्या. बॅग धुऊन आणली होती. काउंटरला गर्दी होती, तरी त्या बाजूला होईनात.

"फोन पोलिसाईपाशी हाये," त्या म्हणाल्या. "त्यायचा आवाज नाई माह्यापाशी. तुह्यापाशी हाये काय?"

होता. काकांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून एकेक गाव झालं की ते वाटेवरून मला बोललेले निरोप पाठवायचे. मी फोन काकूंच्या कानाजवळ नेला आणि लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून बारीक आवाजात एक निरोप लावला.

काकूंनी ऐकलं. मान हलवली. "असे हळू नाई बोलत थे."

मी आवाज पूर्ण वाढवला.

"किन्हीराजा झालं होऽऽ! पुढं निघालो!"

रांगेतले सगळे वळून बघू लागले. मी तो पुन्हा लावला.