कमांडरकाकूंची परमुलखातली माणसं

कमांडरकाकूंकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या कुणावर तरी चांगल्याच चिडलेल्या होत्या. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं, पाणी दिलं आणि माझं नावगाव विचारायच्या आधीच म्हणाल्या, "बाईनं शेवटी नवऱ्याची होडी विकली. मुलगा परत येतोय हे माहीत असूनसुद्धा विकली." मी लखनौत नवीन होते. बँकेतली बदली, जानकीपुरममध्ये भाड्याचं घर, ओळखीचं कुणी नाही. शेजारपाजारच्या कुणाबद्दल तरी बोलत असतील असं समजून मी म्हटलं की असेल बिचारीची काही अडचण. "अडचण कसली? अभिमान नडला," काकू म्हणाल्या. मग त्या बाईच्या स्वभावाबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. होडी गोमतीत चालत असावी, असा माझा समज होता. चहा संपत आला तेव्हा कळलं, की ती बाई पोर्तुगालमधल्या एका मासेमारांच्या गावात राहते आणि काकूंनी ती कादंबरी आदल्या दिवशीच वाचून संपवली आहे.

कमांडर हे त्यांचं टोपणनाव. यजमान हवाई दलात वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते, पण घरातला हुद्दा काकूंचाच मोठा होता. मूळच्या मिरजेच्या. नवऱ्याबरोबर देशभर फिरल्या, शेवटचं पोस्टिंग इकडे झालं आणि लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीत, कपूरथला बाजारापासून जवळच, वरच्या मजल्यावर त्यांनी घर घेतलं. यजमान गेले, मुलगा बंगळूरला नोकरीला लागला, काकू राहिल्या. महिन्यातून एका रविवारी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही मराठी मंडळी जमायचो. कुणी बँकेतले, कुणी सरकारी कंपन्यांतले, दोन-तीन हवाई दलातली कुटुंबं. परदेशी कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं जो तो सुट्टीत गावाहून घेऊन यायचा आणि ती हातोहात फिरायची. परदेशीच का, असं मी एकदा विचारलं. काकू म्हणाल्या, "मी आयुष्यभर क्वार्टर्समध्ये राहिले. शेजारी पंजाबी, समोर मल्याळी, खाली बंगाली. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे बघायची सवय लागलीय, ती आता सुटत नाही."

शिजतंय म्हणजे खरोखरच शिजतंय. कुठलीही कादंबरी असो, काकूंचा पहिला प्रश्न स्वयंपाकघरातला असायचा. तुर्कस्तानातला एक शिंपी शंभर पानं विरहात तळमळत होता आणि आम्ही सगळे हळवे झालो होतो. काकू ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "हा एवढा तळमळतोय ते कळलं. पण याला दोन वेळचं वाढतंय कोण? त्या बहिणीबद्दल कुणीच बोलत नाहीये." आम्ही पुस्तक पुन्हा चाळलं. बहीण होती. दर दहा-पंधरा पानांनी येऊन ताट ठेवून जात होती. त्यानंतर तो शिंपी मला पहिल्यासारखा आवडला नाही.

दुसरी गोष्ट त्यांना अजिबात खपायची नाही, ती म्हणजे 'त्यांच्यात'. नायजेरियातल्या दोन सवतींची एक कादंबरी आम्ही वाचली होती. मंडळातले एक गृहस्थ, चांगले शिकलेसवरलेले, हात झटकून म्हणाले की सोडा हो, त्यांच्यात असंच चालतं. काकूंनी त्यांना शांतपणे विचारलं, "धाकटीचं नाव काय?" ते त्यांना आठवेना. "मग 'त्यांच्यात' म्हणू नका. नाव घेऊन बोला. धाकटी असं का वागली, थोरली असं का वागली, ते सांगा." गृहस्थ जरा हिरमुसले, पण पुढच्या महिन्यात ते दोघींची नावं, त्यांच्या मुलांची नावं, शेळीचंसुद्धा नाव पाठ करून आले. काकूंनी त्यांना जास्तीचं थालीपीठ वाढलं.

बाजी आमच्यात आल्या त्या अशाच एका भांडणामुळे. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मुलींच्या शाळेत उर्दू शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आवाज मऊ, ओढणी कायम नीट. त्या शिंप्याचं घर बहिणीला मिळायला हवं की पुतण्याला, यावरून वर आमचे आवाज चढले होते. दारात बाजी उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, तक्रार करायला आल्या. त्या संकोचून म्हणाल्या, "माफ़ कीजिएगा, कब से सुन रही हूँ. आख़िर वह मकान किसके नाम होगा?" घर, बहीण असे ओळखीचे शब्द ऐकून त्यांना तो इथलाच कुठलातरी वाटणीचा तंटा वाटला होता. काकूंनी त्यांना बसवून घेतलं, मोडक्यातोडक्या फौजी हिंदीत सगळी गोष्ट सांगितली आणि मत मागितलं. बाजींनी मत दिलं. पुढच्या बैठकीपासून आमची चर्चा अर्धी मराठी, अर्धी हिंदी झाली. मंडळींची मुलं तर घरी आधीपासूनच हिंदीत उत्तरं द्यायची, त्यामुळे कुणाला जड गेलं नाही. काकू बाजींना 'बाजी' म्हणजे थोरली बहीण म्हणायच्या, आणि बाजी काकूंना 'दीदी'. दोघींपैकी एकीलाही वयानं मोठी व्हायचं नव्हतं.

दोघींचं मेतकूट छान जमलं. हिवाळ्यात गच्चीवर ऊन खात बसायच्या, मिरची-कोथिंबीर वाटलेलं हिरवं मीठ लावून भाजलेले शेंगदाणे खायच्या आणि जगातल्या कुठल्या कुठल्या बायकांच्या संसारात लक्ष घालायच्या. एकदा बाजी सहज म्हणाल्या, की तुम्ही सगळ्या जगाचं वाचता, मला तुमचं काही वाचू द्या. तुमच्या गावाकडचं. काकू खूश झाल्या. त्यांची एक फार जुनी, लाडकी कादंबरी होती, कृष्णाकाठच्या एका घरातली. तिचं हिंदी भाषांतरही त्यांच्याकडे होतं, क्वार्टर्समधल्या मैत्रिणींना वाचायला देण्यासाठी घेतलेलं. गोष्ट अशी: थोरली बहीण बाळंतपणानंतर जाते. तान्हं मूल आहे. धाकटी शाळेत हुशार, तिला मास्तरीण व्हायचंय. घरातले ठरवतात आणि धाकटी पुस्तकं बाजूला ठेवून मेहुण्याशी लग्न करते, बहिणीच्या मुलाला पोटाशी घेते. सगळं गाव तिला देवी म्हणतं. आमच्यातल्या प्रत्येकीनं ती कधी ना कधी वाचलेली होती आणि शेवटी रडली नाही अशी एकही नव्हती.

बाजी रडल्या नाहीत. रविवारी सगळे जमले तेव्हा काकू आपल्या घरच्या लेकीचं कौतुक ऐकायला बसावं तशा बसल्या होत्या. बाजींनी भाषा सुंदर आहे असं सांगितलं, नदीचं वर्णन आवडलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सब रो रहे हैं, सब उसकी तारीफ़ कर रहे हैं. मगर दीदी, पूरी किताब में उस लड़की से किसी ने पूछा?"

कुणीतरी म्हणालं की त्या काळात आमच्याकडे असंच असायचं. काकूंनी त्यावर 'नाव घेऊन बोला' म्हटलं नाही. त्या उठून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, तेव्हा आम्ही एकेक करून निघालो.

पुढचा रविवार झाला नाही. त्याच्या पुढचाही नाही. काकू फोनवर तब्येतीचं कारण सांगायच्या. मी एकदा भेटायला गेले तर बाजींचा विषय निघताच म्हणाल्या, "परक्या माणसाला आपल्या घरातलं दाखवायला जाऊ नये. त्यांना नाही कळत." हे काकूंच्या तोंडून ऐकताना मला कसंतरीच झालं. जिन्यातून उतरताना बाजी भेटल्या. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं की माझ्याकडून काही बेअदबी झाली का. तोवर मीही यातलं फक्त एवढंच पाहत होते, की आवडत्या पुस्तकाला नावं ठेवल्याचा काकूंना राग आलाय.

जानेवारीत, धुकं उठून ऊन पडलेल्या एका सकाळी, काकूंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "खाली यायचंय माझ्याबरोबर. माझं हिंदी तिथे पुरायचं नाही." बाजी अंगणात मटार सोलत बसल्या होत्या. त्या लगबगीनं उठायला लागल्या, तर काकूंनी त्यांना हातानंच बसवलं आणि समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसल्या. हिंदीत सुरुवात केली, दोन वाक्यांत हिंदी संपलं आणि त्या मराठीत बोलू लागल्या. मी ते बाजींना हिंदीत सांगत गेले.

काकू मिरजेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होत्या. थोरली बहीण गेली, तिचं मूल रांगतही नव्हतं. बहिणीचे दिवस झाल्यावर माजघरात मोठी माणसं बसली आणि चहा व्हायच्या आत सगळं ठरलं. काकू तो चहा करत होत्या. त्या वर्षीच लग्न होऊन त्या हवाई दलाच्या क्वार्टर्समध्ये आल्या, कडेवर बहिणीचा मुलगा घेऊन. बंगळूरचा तो हाच. आम्हाला कुणालाही हे माहीत नव्हतं. मग कधीतरी ती कादंबरी हाती आली आणि त्यांना वाटलं, आपलं कुणीतरी लिहून ठेवलंय, आपण केलं ते चांगलं होतं असं कुणीतरी म्हणतंय. त्या पुस्तकावर त्यांनी सगळा संसार काढला होता.

"मुलगा माझाच आहे," काकू म्हणाल्या. "त्यात काही शंका नाही. ह्यांनीही मला कधी दुखवलं नाही. पण त्या दिवशी कुणीतरी चहाच्या आधणापाशी येऊन मला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं गं. पण मग ते हो माझं असतं."

हे मी हिंदीत कसं सांगितलं ते आता आठवत नाही. बाजींनी सगळं ऐकून घेतलं. समोरच्या शेंगांचा अर्धा ढीग त्यांनी काकूंच्या पुढ्यात सारला, आणि दोघी मटार सोलू लागल्या. त्या दिवशी दुपारी आम्ही तिघींनी बाजींच्या हातचा निमोना खाल्ला. वाटलेल्या मटारची ही इकडची आमटी काकूंना एरवी फारशी आवडायची नाही. त्या दिवशी त्यांनी दोनदा मागून घेतली.

रविवार पुन्हा सुरू झाले, पण काकूंचे डोळे अधू होत चालले होते. डोळ्यांच्या पडद्याचा काहीतरी आजार. आधी अक्षरं वाकडी दिसू लागली, मग मधलं सगळंच पुसट. मुलगा बंगळूरहून धावत आला. फार चांगला मुलगा. त्यानं डॉक्टर गाठले, तपासण्या केल्या आणि जाताना आईला बरोबर न्यायचं म्हणून तिकिटंही काढली. तिकडची खोली तयार होती, सांभाळायला बाई ठेवलेली होती. मी त्यांचं सामान बांधायला मदत करायला गेले होते. काकू पलंगावर स्वस्थ बसलेल्या. म्हणाल्या, "अरे, आधी मला विचार तरी."

तो गोंधळला. "काय विचारू?"

"येतेस का, असं."

त्यानं हातातली बॅग खाली ठेवली. त्यांच्या शेजारी बसला आणि लहान मुलासारखं म्हणाला, "आई, येतेस का?"

"नाही रे," काकू म्हणाल्या. "पण विचारलंस, फार बरं वाटलं." आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. तो एकटाच अमौसीच्या विमानतळावर गेला. तिथून विमान सुटायच्या आधी त्यानं मला फोन केला. आईकडे लक्ष ठेवा, म्हणाला.

लक्ष ठेवायला बाजी होत्याच. त्यांना मराठी येत नव्हती, पण हिंदीमुळे देवनागरी वाचता येत होती. मग त्या रोज दुपारी वर यायच्या, चष्मा पुसायच्या आणि मराठी पुस्तक मोठ्यानं वाचायला लागायच्या. अर्थ न कळता, लखनवी उच्चारात, प्रत्येक शब्द अदबीनं. काकू डोळे मिटून ऐकायच्या, परिच्छेद संपला की हिंदीत अर्थ सांगायच्या आणि मग दोघींचं त्यावर जुंपायचं. 'ळ'शी बाजींचं कधी जमलं नाही. जीभ मागे वळवा, असं काकू सांगायच्या. एकदा कंटाळून बाजी म्हणाल्या, "दीदी, यह हर्फ़ आप लोगों ने सिर्फ़ मुझे तंग करने के लिए रखा है."

माझी बदली नाशिकला झाली. निघायच्या दिवशी सकाळी भेटायला गेले. काकूंनी माझा चेहरा हातानं चाचपला, वाळलीस म्हणाल्या. तिकडे गेल्यावर मंडळ काढ, लोक वेळ नाही म्हणतील तर खायला काहीतरी चांगलं कर, एवढंच सांगितलं. रडणं वगैरे त्यांना जमायचं नाही, ते सगळं त्या कादंबऱ्यांतल्या माणसांसाठी राखून ठेवायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. लखनौतच, आपल्या घरात, दुपारच्या झोपेत. मुलाचा फोन आला तेव्हा मी शाखेत होते. काउंटरवर रांग होती. काम तसंच करत राहिले, घरी आल्यावर मात्र काही सुचेना.

काही दिवसांनी, रविवारी, बाजींचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली. मग त्या चाचरत म्हणाल्या की एक अडचण आहे. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यातल्या दोन बहिणींची गोष्ट त्या काकूंना वाचून दाखवत होत्या. ती अर्ध्यावर राहिलीय. "छोटी वाली घर से निकल चुकी है. पढ़ तो मैं लेती हूँ, बताने वाली चली गईं. बेटी, आपको फ़ुर्सत है?"

मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी हो म्हटलं आणि पलंगावर पाय घेऊन बसले. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. बाजींनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. परिच्छेद संपला की त्या थांबायच्या, मी हिंदीत अर्थ सांगायचे. असं दोन-तीन पानं झाल्यावर त्या म्हणाल्या, "यह लड़की ग़लत कर रही है."

मी म्हटलं, मला तसं नाही वाटत. मी मांडलेली त्या मुलीची बाजू त्यांनी ऐकून घेतली, ती त्यांना मुळीच पटली नाही. फोन ठेवेपर्यंत आमचं एकमत झालं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा फोन केला.