बापूकाकांची शतपावली

मनीषनगरच्या आमच्या गल्लीत कुणी जेवून जरा टेकलं, की शेजारच्या बापूकाकांना ते कसं कोण जाणे कळायचंच. फाटकाशी येऊन मला म्हणायचे, "काहून बसली वं, सुनंदा? तू बसली का पोटातलं अन्नही बसते. उठ, चाल." त्यांनी एकदा शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही शतपावली घालायला लावली. त्यानं नुसता चहा घेतला होता. काकांना नाही म्हणण्यापेक्षा चालणं सोपं पडायचं.

काकू गेल्या, लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा ग्रेट डेन कुत्रा काकांकडे राहिला. वासराएवढा, नाव पिंट्या. त्या घरात काकांचं ऐकून घेणारं तेवढंच माणूस उरलं होतं. काका दोन पोळ्या खायचे, पिंट्या पातेलंभर भात, आणि मग दोघं शतपावलीला निघायचे.

एका रविवारी दुपारी पाहते तर काका त्याला ओढून ओढून चालवत होते. पोट टम्म फुगलेलं, तोंडातून लाळ. सारख्या कोरड्या ओकाऱ्या, बाहेर काहीच नाही.

"गॅस धरला त्याले. चालला का उतरते."

पिंट्या मटकन बसला. "हिंग आण वं, बेंबीले लावू." मी मोठी शहाणी, मी हिंग कालवून आणला. भर रस्त्यात आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधू लागलो.

"काका, कुत्र्याला बेंबी कुठे असते?"

"असन ना कुठंतरी. बिना बेंबीचा जन्मला का तो?"

पिंट्याचे डोळे पाहून मी घाबरले आणि रामदासपेठेतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काही पाजू नका, चालवू नका, आत्ता निघा. पोटाला पीळ पडला असेल तर तो हातचा जाईल."

ऑटोत पिंट्यानं पूर्ण सीट घेतली. काका खाली पायांशी बसले, हिंगाच्या हातानं त्याला गोंजारत. "आज शंभर पावलं झाली नव्हती वं," ते रडवेले होऊन म्हणाले, "म्हणूनच झालं असन."

पीळ पडलाच होता. ऑपरेशन करून बाईंनी तो सोडवला, पुन्हा पडू नये म्हणून जठर आतून पोटाच्या भिंतीला टाके घालून बसवलं. "मोठ्या छातीच्या कुत्र्यांना हे होतं. कशानं, ते नक्की सांगता येत नाही. पण थोडंथोडं खाऊ घाला, आणि जेवल्यावर हिंडवू नका. पडू द्या."

"पडू द्या?" काकांनी खुर्ची शोधली.

पिंट्या वाचला आणि गल्लीची शतपावली बंद झाली. जेवून काका पायरीवर बसायचे, हात पिंट्याच्या पोटावर. "बस गा, जेवला ना तू." कुणी चालताना दिसलं की दटावायचे, "बसून घ्या ना जरा. पिंट्या पाहून राहिला, त्यालेही उठावं वाटते." माझे यजमान लपून गच्चीवर फेऱ्या मारायचे.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. तेरवीला पंगत आटोपली, पिंट्या काकांच्या फोटोखाली आडवा झाला. लेक म्हणाली, "चला, थोडं चालून येऊ. बाबांना आवडायचं."

पिंट्यानं मान वर केली. आम्ही सगळ्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं, आणि मला तेव्हा कुठे रडू आलं.