घंगाळातली सवत

माझी सवत बोटभर लांबीची होती.
अजून आहे.

गालावर लाल ठिपका, म्हणून गावात तिला कुंकवी म्हणतात. गोड्या पाण्यातला मासा. आमच्या सड्यावरचं, म्हणजे गावामागच्या कातळमाथ्यावरचं, तळं सोडून जगात कुठेच सापडत नाही, असं मुंबईहून आलेल्या संशोधकांनी सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांचा चेहरा बघायला हवा होता!
पहिली मुलगी झाली तेव्हाही एवढे खुलले नव्हते.

पेपरात फोटो आला. हे, आणि बरणीत ती.
माझा न् ह्यांचा जोडीचा फोटो एकच, लग्नातला.

हे शाळेत गुरुजी. शाळा सुटली की ह्यांची गाडी थेट तळ्यावर.
"तिथेच मुक्काम टाका की!"
"अगं, ती संपली तर परत कुठून आणायची?"
"आणि मी संपले तर?"
नुसते हसायचे.

दर मे महिन्यात तळं आटायला लागलं की थोड्या कुंकव्या घरी यायच्या. वाण राहावं म्हणून.
कशात? माझ्या आईने रुखवतात दिलेल्या पितळी घंगाळात!

हेदवीला माझ्या सख्ख्या भावाचं लग्न. अक्षता पडल्या न् पडल्या, हे एसटीत बसले. जेवलेसुद्धा नाहीत. का, तर घंगाळातलं पाणी बदलायचं होतं.
मी चार दिवस अबोला धरला. ह्यांना पत्ताच नाही.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी छातीत कळ आली. मंडणगडला न्यायला गाडी बोलावली, ती दारात येईपर्यंत सगळं संपलं.
शेवटचं माझ्याशी काय बोलले, सांगू?
"पाणी बदल हं तिचं."

मला रडूच येईना. बायका म्हणत होत्या, हिला रडवा कुणीतरी.

स्मशानातून माणसं परतली. मागीलदारी अंघोळी सुरू झाल्या. उन्हाळ्यात पाण्याची बोंब, दिसेल त्या भांड्यात तांब्या बुडत होता. धाकट्या भावोजींनी घंगाळात तांब्या घातला आणि डोक्यावर ओतला.

"भावोजी, थांबा! ती आहे त्यात!"

हिचं डोकं फिरलं, असंच वाटलं सगळ्यांना.

चिऱ्यावर तीन कुंकव्या तडफडत होत्या. गुडघ्यांवर बसून मी एकेक ओंजळीत घेतली, पाण्यात सोडली.
आणि तिथेच, घंगाळाला धरून हंबरडा फोडला.
नवऱ्यासाठी रडले, तेही हिच्या शेजारी बसून. काय म्हणावं माझ्या नशिबाला!

पावसात तळं भरलं, तेव्हा सगळ्या सोडून आले. वाटलं, सुटले एकदाची.
ह्या मे महिन्यात पुन्हा घंगाळ घासलं. कुणी सांगितलं नव्हतं.

आज वर्षश्राद्धाला ह्यांच्या शाळेतले लोक आले. पायांवर पाणी घेता घेता पहिला प्रश्न, "वहिनी, कुंकवी कशी आहे?"
जळफळाट झाला माझा. अजूनही होतो, खोटं कशाला सांगू?

अहो, तुमची ती सुखरूप आहे. आज सकाळीच पाणी बदललंय.
कधी स्वप्नात आलात, तर आधी माझं विचारा.

एवढीच माझी श्रद्धांजली.