शोभाक्काची बोट

शोभाक्कानं जन्मात समुद्र पाहिला नाही. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बसवकल्याणचं त्रिपुरांत तळं, आणि तेही उन्हाळ्यात निम्म्यावर यायचं. तरी बोटीला मजले किती, स्वयंपाकघर कुठल्या मजल्यावर, जेवणाच्या दालनाला दारं किती, हे तिला विचारा, घडाघडा सांगायची. पुढं अठ्ठ्याऐंशी साली तिचा नवरा नागनाथ बोटीवरची नोकरी सोडून कायमचा घरी आला, तेव्हा त्यालाही ती बोट समजावून सांगत बसे. तो बिचारा मान डोलवायचा.

नागनाथ हुलसूरजवळच्या वस्तीतला. लग्नानंतर सहा वर्षांनी तो मुंबईला गेला आणि एका परदेशी बोटीवर सफाईच्या कामाला लागला. ही बोट माल वाहायची नाही. श्रीमंत माणसं तिच्यात बसायची, महिनाभर निळ्या पाण्यावर फिरायची आणि जिथून निघाली तिथंच परत उतरायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा शोभाक्का पदर तोंडाला लावून हसली होती. "कुठं जायचंच न्हाई, मग बसतेत कामून?" पण पुढं तिला तेच आवडायला लागलं. कुठं जायचं नाही, नुसतं तरंगायचं.

ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. इमारत लांबट, दोन्ही अंगांना व्हरांडे, वर गच्ची. दुपारी चाळीसही मुली शाळेत गेल्या आणि हाताखालची रत्नम्मा भांडी घासायला बसली की शोभाक्का गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राही. दोरीवरच्या चादरी वाऱ्यानं फुगायच्या. पलीकडं ज्वारीचं रान या टोकापासून त्या टोकापर्यंत हलायचं. ते बघता बघता तिला वाटे, आपली इमारत हळूच सुटलीय. पायाखालची फरशी जराशी डुलतेय. मग खालून रत्नम्मा हाक मारायची, आणि वसतिगृह मुकाट्यानं जागेवर येऊन बसायचं.

नागनाथची पत्रं तिला सुमन वाचून दाखवायची. सुमन तिच्याच वस्तीतल्या तात्यारावांची लेक. त्या वस्तीतली एकही मुलगी तोवर दहावीपर्यंत पोचली नव्हती. तात्याराव लेकीला पाठवायला राजी नव्हते. "मी हाय तिथं, भावजी. माझ्या नदरेखाली राहील," असं म्हणून शोभाक्कानं तिला अक्षरशः ओढून आणलं होतं. सुमन दहावीला बसली की आपणच बसलो, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

एक पत्र तर दोघींना पाठ झालं होतं. बोटीवर उलट्या-जुलाबांची साथ आली होती. नागनाथनं लिहिलं होतं: 'डॉक्टर म्हणतो, हा रोग हातानं फिरतो. एकानं कडी धरली, दुसऱ्यानं तीच धरून घास खाल्ला, की झालं. म्हणून जेवणाच्या दारात मला उभं केलंय. साबण लावून वाहत्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. काल कप्तान घाईनं आला. मी आडवा झालो. तो मुकाट्यानं मागं फिरला आणि हात धुऊन आला. शोभा, आनंदानं मला जेवण गेलं नाही. मी दिवसातून तीनदा सगळे कठडे ब्लिचिंगच्या पाण्यानं पुसतो. आजारी माणूस बरा झाला तरी वर दोन दिवस त्याला खोलीतच ठेवतात. एक मोठी श्रीमंत बाई आजारी आहे, तिचंही ताट वेगळं, गिलास वेगळा. पण तिला राग नाही.'

या शेवटच्या ओळीपाशी शोभाक्का दर वेळी थांबायची. वेगळं ताट, आणि राग नाही? पुन्हा वाच गं, म्हणायची.

तिला आठवायची ती गावची विहीर. सात-आठ वर्षांची असताना ती आईबरोबर तिथं उभी राहायची. कुणीतरी बाई यायची, वरून पाणी ओतायची, आणि खाली ओंजळ धरून प्यायचं. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. वर बघायचं नाही, अशी आईची ताकीद. त्यामुळं गावातल्या सगळ्या बायका शोभाक्काला पायांवरून ओळखू यायच्या. छप्पन साली वस्ती बौद्ध झाली आणि मोठ्या माणसांनी एक गोष्ट कायमची ठरवली: यापुढं कुणाच्या तांब्याखाली ओंजळ धरायची नाही.

म्हणूनच वसतिगृहातल्या रांजणावर तिचा जीव होता. एकच रांजण आणि साखळीला बांधलेला एकच स्टीलचा गिलास. लिंगायतांची पोर त्यातनंच प्यायची, मराठ्यांची, धनगरांची त्यातनंच, आणि सुमनही त्यातनंच. गिलास बुडवायचा, प्यायचा, पुढचीच्या हातात द्यायचा. शोभाक्का तो रोज स्वतः राखेनं घासून लख्ख करायची. त्या गिलासावर तिचं प्रेम होतं, याला दुसरा शब्द नाही.

एक्याऐंशीच्या मार्चात, परीक्षा नऊ दिवसांवर आली असताना, सुमन दुपारच्या भाकरीवरून उठली आणि अंगणात जाऊन भडाभडा ओकली. दिवस मावळेपर्यंत आणखी दोघी आडव्या झाल्या. शोभाक्कानं रांजणाकडं बघितलं. सकाळपासून चाळीस हात त्यात बुडाले होते, चाळीस तोंडं त्या गिलासाला लागली होती, आणि तिनंच कौतुकानं लावली होती. तिनं साखळी सोडवली आणि गिलास काढून घेतला. असं वाटत होतं, की छप्पन सालापासून जे जुळवत आणलं ते आपणच तोडायलोय.

वसतिगृहाच्या अधीक्षिका सुमतीबाई सोवळं पाळणाऱ्या पंडितांच्या घरातल्या, शाळेत गणित शिकवायच्या. त्या पुरत्या गांगरल्या. "शोभाबाई, सगळ्यांना घरी पाठवून देऊ. वसतिगृह बंद करू."

"न्हाई बाई. आजारी माणसं असताना बोट रिकामी करायची नसती. चाळीस गावांत जाईल ह्यो रोग. आन परीक्षा?"

एरवी तिच्या बोटीला सुमतीबाई हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं. मग कप्तान तुम्ही."

धान्याची कोठी रिकामी झाली आणि तिथं तिघींच्या सतरंज्या पडल्या. ताटं वेगळी, गिलास वेगळे. त्यांच्याबरोबर शोभाक्का आपलंही ताट वेगळं घेऊन आत गेली; आजाऱ्याचं करणाऱ्यानं बाहेर स्वयंपाकाला हात लावायचा नाही, असं नागनाथचं लिहिणं होतं. चुलीपाशी रत्नम्मा राहिली. रांजण उपसून घासला, त्यावर लांब दांड्याचं ओगराळं आलं. कड्या, नळ, संडासाची दारं ब्लिचिंगच्या पाण्यानं दिवसातून तीनदा पुसायला लागली. आणि जेवणघराच्या दारात साबणाची वडी आणि तांब्या घेऊन खुद्द सुमतीबाई उभ्या राहिल्या. मुलीनं हात पुढं करायचे, बाईंनी वरून पाणी ओतायचं.

कोठीला एकच खिडकी होती, उंचावर. तिच्यातून आभाळाचा चौकोन दिसायचा आणि त्यातून ढग सावकाश जायचे. शोभाक्का उकळून गार केलेलं मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजायची. सुमनला ग्लानी आली की ती पुटपुटायची, "अक्का, बोट हलायलीय."

"हलू दे. आपल्याला कुठं जायचंय?"

"परीक्षेला."

"मग तिकडंच जायलाय ती."

ढग जात राहायचे. कोण जातंय, ढग की कोठी, हे शोभाक्कालाही नीट सांगता आलं नसतं. पोरींचा श्वास एका लयीत यायला लागला की तिचा डोळा लागायचा, आणि झोपेत तिला निळं पाणी दिसायचं, त्रिपुरांत तळ्याला काठ नसता तर जसं दिसलं असतं तसं.

तिसऱ्या दिवशी सुमनच्या आणि बाकी दोघींच्याही उलट्या थांबल्या. बाहेर चौथी कुणी पडली नव्हती. आता वरचे दोन दिवस काढायचे होते. आणि नेमके त्याच सकाळी तात्याराव आले.

त्यांना बसस्टँडवरच कुणीतरी सांगितलं होतं, तुमच्या लेकीला कोठीत टाकलंय, ताट वेगळं केलंय. माणूस रागानं काळानिळा झालेला. अंगणातूनच त्यांनी आवाज चढवला. "वैनी! दुसऱ्यांनी केलं असतं तर समजलो असतो. तुम्ही बी? आपल्याच लेकराला वेगळं ताट? सुमन, बांध गठुडं. चल घरला."

शोभाक्का कोठीच्या उंबऱ्यावर आली, पण बाहेर पाऊल टाकलं नाही. तिनं आपलं ताट वर धरलं. "माझं बी वेगळंच हाय, भावजी. हे बघा."

तात्याराव थबकले, पण राग उतरला नाही. ते कोठीकडं निघाले तशा सुमतीबाई सवयीनं तांब्या घेऊन पुढं झाल्या. "आधी हात धुवा."

तात्यारावांनी वर धरलेला तांब्या बघितला. मग तो धरणाऱ्या बाईंकडं बघितलं. "छप्पन सालापासून ह्यो हात कुणाच्या तांब्याखाली धरला न्हाई. आज बी धरणार न्हाई."

सुमतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या माहेरी मागच्या दाराशी असाच एक तांब्या असायचा. त्यांना सगळं कळलं. त्यांनी तांब्या खाली घेतला.

लेक गेली तर परीक्षा गेली, पुढं लग्नच. बोटीच्या शंभर गोष्टी शोभाक्काला येत होत्या, त्यातली एकही आठवेना. डोळ्यांपुढं नुसती विहीर आली. ती म्हणाली, "बाई, तांब्या त्यास्नी द्या. तुम्ही हात धरा."

सुमतीबाईंनी तांब्या दिला. पदर सावरून दोन्ही हात तात्यारावांपुढं धरले.

तात्यारावांनी कितीतरी वेळ त्या हातांकडं बघितलं, मग पाणी ओतलं. निम्मं बाजूलाच सांडलं. बाईंनी साबण लावला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, पुन्हा हात धरले, त्यांनी पुन्हा ओतलं. मग तांब्या बाईंकडं परत आला, आणि तात्यारावांचे हात पुढं झाले.

साबण निघून गेला. वरून स्वच्छ पाण्याची धार पडत राहिली, तशी त्यांची ओंजळ आपोआप जुळली, भरली आणि तोंडाकडं निघाली. निम्म्या वाटेत थांबली.

सगळ्यांनी ते बघितलं. शोभाक्का उंबऱ्यावरूनच म्हणाली, "भावजी, ते हात धुवायचं हाय. प्यायला रत्नम्मा गिलास देतीय, भरून."

त्यांनी ओंजळ सोडली. धोतरानं हात न पुसता, ओले ते तसेच धरून ते कोठीच्या दाराबाहेर उकिडवे बसले आणि तिथूनच लेकीशी बोलले. "किती दिवस म्हणायलीस?"

"दोनच, बाबा."

"मग मी बी हितंच बसतो."

नुसते बसले असते तर ते तात्याराव कसले. सुमतीबाईंना शाळा होती, म्हणून दारातला तांब्या त्यांनी घेतला आणि दोन दिवस सोडला नाही. पोरी कुरकुरायच्या, "धुतले की हो काका!" "बेचक्यातनं धू. व्हय, परत." एकदा घाईत असलेल्या सुमतीबाईंनाही त्यांनी मागं फिरवलं. कोठीत शोभाक्का आणि सुमन एकमेकींकडं बघून तोंड दाबून हसल्या.

दोन दिवसांनी कोठीचं दार उघडलं. सुमन उन्हात आली, डोळे मिचकावत बापापुढं उभी राहिली आणि हात पुढं केले. वरून पाणी पडत होतं. ती सरळ त्यांच्या तोंडाकडं बघत, पहिला पेपर कुठला, पेन कुठलं न्यायचं, असं काहीबाही बडबडत हात धूत होती. त्या पाण्याची दुसरी गोष्ट तिला ठाऊकच नव्हती.

शोभाक्का तिच्या मागं उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं हात धरले, आणि मान वर केली.